बाळाला वाचून दाखवायचं म्हणजे नक्की काय करायचं?

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की तान्ह्या बाळांना वाचून दाखवण्याबद्दल काही विचारायचं असेल तर पाठवा, आणि पत्रं, मेसेज, व्हॉइस नोट असं भरभरून आलं. सगळ्यांना उत्तर द्यायला जागा पुरणार नाहीये म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढून टाकलीयेत. एक गोष्ट आधीच सांगते, कारण ती जवळपास प्रत्येक पत्रात होती, ती म्हणजे "आमचं पुस्तक कधी पूर्णच होत नाही" ही तक्रार. वर्षाच्या आतल्या बाळासोबत पुस्तक पूर्ण होतच नसतं हो. बाळ तुमच्याकडे बघतंय, तुम्ही त्याच्याकडे बघताय, दोघं मिळून एखाद्या चित्राकडे बघताय, मग ते अर्धं मिनिट का असेना, त्या दिवसाचं वाचन झालं. पुढची सगळी उत्तरं याच धाग्याने वाचा.

प्रश्न : माझं बाळ 2 महिन्यांचं आहे, मी त्याला रोज थोडं वाचून दाखवते. सासूबाई म्हणतात, त्याला काय डोंबल कळतंय, कशाला उगाच घसा कोरडा करतेस. नवरापण हसतो. आत्ता खरंच काही उपयोग होतो का, की मोठा झाल्यावर सुरू करू?

उपयोग होतो, आणि बंद अजिबात करू नका. सासूबाईंचं एका बाबतीत बरोबर आहे, गोष्ट काय चाललीये हे 2 महिन्यांच्या बाळाला कळत नाही. पण त्याला तुमचा आवाज कळतो, आणि तो आज नाही, जन्माच्या आधीपासून कळतो. गर्भारपणाच्या सहाव्या-सातव्या महिन्यापासून बाळाला पोटात ऐकू यायला लागलेलं असतं, शब्द स्पष्ट पोचत नाहीत पण बोलण्याची लय, चढउतार पोचतात. 1980 मध्ये अँथनी डीकॅस्पर आणि विल्यम फायफर या संशोधकांनी दाखवलं की जन्मून 3 दिवसही न झालेली बाळं आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून चोखणी चोखायची पद्धत बदलतात. मग 1986 मध्ये डीकॅस्पर आणि मेलनी स्पेन्स यांनी अजून पुढे जाऊन बघितलं, गर्भारपणाच्या शेवटच्या 6 आठवड्यांत आईने रोज 2 वेळा एकच उतारा मोठ्याने वाचायचा, आणि जन्मानंतर बाळाला तो उतारा आणि एक नवा उतारा ऐकवायचा. बाळांनी ओळखीचा उतारा निवडला, तोसुद्धा वाचणारी बाई दुसरीच कुणी असली तरी. म्हणजे नुसता आवाज नाही तर वाचण्याची चालसुद्धा त्यांच्या लक्षात राहिली होती. हे सासूबाईंना जरूर वाचून दाखवा, वाद घालायला नाही, त्यांनाही मजा वाटेल.

आता 2 महिन्यांच्या बाळाला वाचायचं काय, तर तुम्हाला आवडेल ते. खरंच. तुम्ही स्वतः जी कादंबरी वाचताय ती मोठ्याने वाचा, मासिक वाचा, कविता असेल तर उत्तमच कारण तिला ठेका असतो. चित्रं दाखवायची असतील तर साधी, मोठी, काळ्या-पांढऱ्या किंवा गडद रंगांची, आणि तोंडापासून साधारण 20 ते 30 सेंटीमीटरवर धरा कारण या वयात त्या अंतरावरचंच नीट दिसतं, आणि गंमत म्हणजे मांडीवर घेतल्यावर तुमचा चेहरा जवळपास तितक्याच अंतरावर येतो. म्हणून पुस्तक बघण्यापेक्षा ते तुमचं तोंड बघत बसेल. बघू दे. ओठ कसे हलतात, आवाज कुठून येतो हेच त्याला बघायचंय.

आणि थांबत जा. एक ओळ वाचली की त्याच्याकडे बघून जरा थांबा, पाय हलवणं थांबेल किंवा उलट जोरात हलवेल, डोळे मोठे होतील, एखादा हुंकार देईल, त्याला तुम्ही "हो का, बरं बरं" म्हणा आणि पुढची ओळ. तोंड फिरवलं, जांभई दिली, किरकिर केली की पुस्तक मिटा. दोन-तीन मिनिटं पुष्कळ झाली. नवऱ्याला हसायचं असेल तर बाळाला मांडीवर घेऊन हसायला सांगा आणि हातात पुस्तक द्या.

प्रश्न : मुलगी 8 महिन्यांची आहे. पुस्तक दिसलं की हिसकावते, तोंडात घालते, पान फाडते, एक ओळ वाचू देत नाही. मी वाचायला लागले की रांगत निघून जाते. हिला पुस्तकाची आवडच नाही असं समजायचं का?

अहो, हिला पुस्तक प्रचंड आवडतंय! जी वस्तू आवडत नाही ती कोण तोंडात घालतं? या वयात जीभ आणि ओठ हेच बाळाचं वस्तू तपासायचं मुख्य साधन असतं, ते जाड आहे की पातळ, गार आहे की कोमट, कडेला कसं लागतं, हे सगळं ती तोंडाने शोधते. खुळखुळ्याचं ती जे करते तेच पुस्तकाचं करते आणि तेच तिने करायला हवं. तर पहिलं काम म्हणजे तिला चावता येईल असं पुस्तक द्या, जाड पुठ्ठ्याचं किंवा कापडाचं, धुता किंवा पुसता येईल असं. स्टेपलरच्या पिना असलेलं, वरचं प्लास्टिक सुटायला लागलेलं, चिकटवलेले मणी-बटणं-डोळे असलेलं पुस्तक या वयात नको, निघालं तर घशात अडकू शकतं. चावून चावून पुठ्ठ्याचा लगदा व्हायला लागला की ते पुस्तक बाजूला काढायचं. पातळ कागदाची पुस्तकं वरच्या फळीवर, ती तुम्ही हातात धरून दाखवायची.

दुसरं, वाचण्याचा क्रम सोडून द्या. मी चालवते त्या बाळगटात एक 9 महिन्यांची मुलगी यायची बाबांबरोबर. बाबा पहिल्या पानापासून सुरू करायचे आणि ती त्यांच्या हातावर हात मारून चार-चार पानं एकदम उलटायची, एक दिवस बाबांनी नाद सोडला आणि पुस्तक तिच्याच हातात दिलं. तिने ते उलटं धरलं, कड चावली, मग खाली आपटलं, ते उघडलं तर समोर कुत्र्याचं चित्र. तिने त्यावर पंजा आपटला. मग मान वळवून बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "भू भू! कुत्रा आहे तो." तिने परत चित्राकडे बघितलं, परत पंजा, परत बाबांकडे. असं बराच वेळ चाललं होतं, आणि त्या पुस्तकातलं एक वाक्यसुद्धा त्या दिवशी वाचलं गेलं नाही.

हे जे तिने केलं ना, चित्र, बाबा, परत चित्र, याला बालविकासाच्या अभ्यासात फार महत्त्व आहे. साधारण 9 ते 12 महिन्यांच्या दरम्यान बाळाला समजायला लागतं की मी जे बघतेय तेच समोरचा माणूसपण बघतोय, आणि तो जो आवाज काढतोय तो या वस्तूबद्दल आहे. शब्द शिकण्याचा पाया हाच. त्यामुळे बाळ ज्याकडे बघतंय, ज्याला हात लावतंय त्याचं नाव घ्या, तुम्हाला ज्या पानावर जायचंय त्याचं नाही. तिला कुत्राच बघायचाय तर कुत्राच. तिला पान उलटत राहायचंय तर तेही चालेल, "उलटलं! आता हे बघ कोण आलं" एवढंच म्हणत राहा.

रांगत निघून गेली तर? जाऊ द्या, तुम्ही दोन ओळी तशाच मोठ्याने वाचत राहा, बऱ्याचदा बाळ खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन खेळतं पण कान इकडेच असतात, एखादा मजेशीर आवाज काढलात की वळून बघते की नाही बघा. नाहीच आली तर पुस्तक मिटून ठेवा, नंतर कधीतरी. ओढून मांडीवर बसवू नका, रागावू नका. "फाडू नको" असं म्हणण्यापेक्षा फाटणारं पुस्तक हाताशी येणारच नाही असं बघणं सोपं जातं.

प्रश्न : घरात आम्ही मराठी बोलतो. पण पुढे शाळा इंग्रजी असणार म्हणून मी बाळाला आत्तापासून इंग्रजी पुस्तकं वाचतोय. माझं इंग्रजी बरं आहे पण बोलताना अडखळतो. मराठी वाचलं तर मागे पडेल का? दोन्ही केलं तर गोंधळेल का?

मराठी वाचा, मागे पडणार नाही. ज्या भाषेत तुम्हाला चटकन चिडवता येतं, लाडात येता येतं, चित्र बघून सुचेल ते बोलता येतं ती भाषा बाळासाठी सगळ्यात श्रीमंत भाषा. पुस्तकातलं वाक्य तुम्ही कुठल्याही भाषेत वाचाल हो, पण वाचनाचा खरा फायदा त्या वाक्याच्या आजूबाजूला तुम्ही जे बोलता त्यात असतो, "अगं बाई, याचं शेपूट कुठे गेलं? सापडलं! कसं वळवळतंय बघ" हे अडखळत्या भाषेत येत नाही, तिथे माणूस छापलेलं वाचतो आणि पान उलटतो. भाषेची समज, गोष्ट धरून ठेवायची सवय, नवा शब्द संदर्भावरून ओळखायची हुशारी, हे एका भाषेत पक्कं झालं की दुसऱ्या भाषेत कामाला येतं.

इंग्रजी पुस्तक घरात आहे आणि चित्रं सुंदर आहेत, तर ते टाकून देऊ नका, चित्रं बघत मराठीत सांगा. लिहिलेलं वाचलंच पाहिजे असा काही नियम नाहीये.

गोंधळाचं म्हणाल तर बाळं दोन भाषा आरामात सांभाळतात. 6 ते 8 महिन्यांच्या बाळाला जगातल्या कुठल्याही भाषेतल्या ध्वनींमधला बारीक फरक ऐकू येतो, जो आपल्याला मोठेपणी येत नाही, आणि वर्षाचं होईपर्यंत ते रोज कानावर पडणाऱ्या भाषांच्या ध्वनींमध्ये पक्कं होत जातं आणि बाकीच्यांमधली ही तीक्ष्णता कमी होते. घरात खरंच दोन भाषा बोलणारी माणसं असतील, आई एक आणि आजी दुसरी, तर दोघींनी आपापल्या भाषेत वाचावं. पुढे बोलायला लागल्यावर एका वाक्यात दोन्हीकडचे शब्द येतील, ते अगदी नॉर्मल आहे. शब्द मोजायचेच झाले तर दोन्ही भाषांचे मिळून मोजायचे.

प्रश्न : आम्ही दोघं नोकरी करतो, संध्याकाळी जीव राहत नाही. फोनवर गोष्टींचे ऑडिओ आणि व्हिडिओ खूप छान मिळतात, आवाज पण प्रोफेशनल असतात. ते लावले तर वाचनासारखंच झालं ना?

तुमची दमणूक खरी आहे, ती मी हलकी करत नाही. पण वाचनासारखं होत नाही, आणि याचा एक फार चांगला प्रयोग आहे तो सांगते. 2003 मध्ये पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 9 महिन्यांच्या बाळांना, ज्यांच्या घरी फक्त इंग्रजी होतं, मँडरिन चिनी भाषा ऐकवली. प्रत्येकी 25 मिनिटांच्या 12 बैठका, त्यात चिनी बोलणारं माणूस समोर बसून पुस्तकं वाचायचं आणि खेळण्यांशी खेळायचं. त्या बाळांना चिनी ध्वनींमधला फरक ओळखता यायला लागला. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं, तितकाच वेळ, पण व्हिडिओवर किंवा नुसत्या ऑडिओवर. त्यांच्यात काहीही फरक पडला नाही. आवाज तोच होता हो! पण व्हिडिओतलं माणूस बाळाने बघितलं म्हणून थांबत नाही, त्याने हुंकार दिला म्हणून हसत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली दिलेल्या मार्गदर्शनात 2 वर्षांच्या आतल्या मुलांना स्क्रीनसमोर बसवू नये असंच म्हटलंय, आणि बसलेल्या वेळात मोठ्यांनी वाचून दाखवणं, गोष्ट सांगणं हे करावं असं सुचवलंय. टॅबवर पुस्तक उघडून वाचायचं असेल तर त्याबद्दलपण एक निरीक्षण आहे, 2019 मध्येच टिफनी मन्झर आणि सहकाऱ्यांनी आईबाप आणि चालायला लागलेली मुलं यांना कागदी आणि टॅबवरची अशी दोन्ही पुस्तकं दिली, तर टॅबवर गोष्टीबद्दलचं बोलणं कमी झालं आणि "इथे दाबू नको, सरकवू नको" वाढलं.

मग दमलेल्या माणसाने काय करायचं? कमी करा. खरंच सांगते, कमी करा. झोपवायच्या आधी एक जाड पुठ्ठ्याचं पुस्तक, त्यातली दोन पानं, तुम्ही आडवे पडून, बाळ शेजारी. पाठ असेल तर डोळे मिटून म्हणा. एक दिवस तो, एक दिवस ती. सुट्टीच्या दिवशी जास्त. ऑडिओ गोष्ट लावायचीच असेल तर ती तुमच्यासाठी म्हणून लावा आणि ऐकता ऐकता बाळाशी त्याबद्दल बोला, बाळाला एकट्याला त्याच्यासमोर सोडू नका.

प्रश्न : माझ्या आईला वाचता येत नाही. दिवसभर बाळ तिच्याकडेच असतं. आई म्हणते मी काय वाचणार, तू आलीस की वाच. बाळाचं नुकसान होतंय का?

नुकसान कसलं! आईंना माझा नमस्कार सांगा आणि चित्रांचं एक पुस्तक त्यांच्या हातात द्या. त्यांनी चित्र बघून जे सुचेल ते बोलायचं. त्यांच्या डोक्यात ज्या गोष्टी, गाणी, कोडी आहेत ती आणि हे चित्र यांची गाठ त्या आपोआप घालतील, आणि छापील दोन ओळींपेक्षा ते कितीतरी भरघोस असेल. बाळाला अक्षरं वाचली जातायत की नाही याच्याशी आत्ता देणंघेणं नाही. पुस्तक हातात आहे, आजीचं लक्ष माझ्याकडे आहे, पान उलटलं की नवं काहीतरी निघतं, इतकं त्याला समजलं की झालं.

फक्त एक करा, संध्याकाळी घरी आल्यावर आईंना विचारा की आज कोणती गोष्ट सांगितलीस, आणि ती बाळासमोर परत सांगायला लावा. "मी काय वाचणार" हे वाक्य हळूहळू बंद होईल.

प्रश्न : मला आवाज बदलून वाचायला जमत नाही, लाज वाटते. सपाट वाचलं तर चालेल का? (एक बाबा)

चालेल. बाळाला तुमचा आवाज हवाय, नट नकोय. पण बाळाशी बोलताना आपोआप आवाज जरा वर जातो, शब्द लांबतात, बोलणं संथ होतं, हे जवळपास सगळ्यांचं होतं आणि बाळांना तसं बोलणं जास्त आवडतं हे अॅन फर्नाल्ड यांनी 1985 मध्ये 4 महिन्यांच्या बाळांवर दाखवलंय. तेव्हा दार लावून घ्या, घरात कुणी ऐकत नाहीये असं बघा, आणि एकदा वाघाला वाघासारखं गुरगुरून बघा. बाळ हसलं की लाज जाते.

प्रश्न : आमचं बाळ वेळेच्या बरंच आधी झालं, अजून एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आहे. मला त्याला फार वेळ घेता येत नाही. नर्स म्हणाल्या वाचून दाखवा. इतक्या नाजूक बाळाला त्रास नाही ना होणार?

तुमचं पत्र वाचून खूप वेळ काही सुचलं नाही. नर्सनी अगदी योग्य सांगितलंय. बाळाला घेता येत नसताना तुमचा आवाज त्याच्यापर्यंत पोचतो, आणि तो त्याच्या ओळखीचा आहे, तिथल्या मशीनचे आवाज ओळखीचे नाहीत. काही काळजी मात्र घ्या. आवाज अगदी हळू, आपण शेजारच्या माणसाच्या कानाशी बोलतो तेवढा, कारण अशा विभागात एकूण आवाज 45 डेसिबलच्या आत ठेवावा असं मानतात आणि मशीनचाच आवाज कमी नसतो. डॉक्टर-नर्सना विचारून वेळ ठरवा, तपासणी किंवा सुई झाल्यावर लगेच नको, गाढ झोपेत नको. वाचताना त्याच्याकडे बघत राहा, बोटं ताठ पसरली, तोंड फिरवलं, उचकी लागली, रंग बदलला की लगेच थांबा, त्याला आत्ता पुरे झालंय. एकावेळी एकच गोष्ट, म्हणजे वाचताय तर थोपटू नका, हात नुसता स्थिर ठेवा.

काय वाचायचं? काहीही, तुम्हाला धीर येईल ते. रडू आलं तर थांबा आणि परत सुरू करा. आणि घरी आल्यावर त्याच्या वाढीचे टप्पे बघताना जन्मतारखेपासून नाही, ज्या तारखेला व्हायला हवा होता तिथून महिने मोजा, इथे बाकीच्यांना दिलेली उत्तरंसुद्धा त्याच हिशोबाने वाचा.

प्रश्न : मुलगा 13 महिन्यांचा आहे. पुस्तक वाचलं की पान उलटतो पण माझ्याकडे बघत नाही, बोट दाखवत नाही, नावाने हाक मारली तरी वळत नाही. घरचे म्हणतात मुलगे उशिराच बोलतात. अजून जास्त वाचू का?

वाचत राहा, पण याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांची वेळ घ्या. तुम्हाला घाबरवायचं नाहीये, मला इथून काही निदान करता येत नाही आणि करायचंही नाही. पण 13 महिन्यांच्या मुलाने हाकेला न वळणं आणि बोट न दाखवणं, या दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांगायच्या असतात, "उशिरा बोलतात" म्हणून थांबायचं नसतं. ऐकू येण्याची तपासणी आधी करून घ्या, जन्मानंतर केलेली नॉर्मल आली असली तरीही, कारण नंतरही अडचण येऊ शकते, कानात पाणी साचल्यानेसुद्धा ऐकू कमी येतं. दार आपटल्यावर दचकतो म्हणजे ऐकू येतं असं घरात म्हणतात, पण दाराचा आवाज आणि बोलण्यातले बारीक आवाज यांत खूप फरक आहे.

जाताना दोन-चार दिवसांची निरीक्षणं कागदावर लिहून न्या, फोनवर दोन छोटे व्हिडिओ घ्या, दवाखान्यात मुलं वेगळी वागतात. सगळं ठीक निघालं तर उत्तमच. काही निघालं तर लवकर कळल्याने मदत लवकर सुरू होते आणि त्याने खरंच फरक पडतो. आणि हे तुम्ही वाचन कमी केलं म्हणून झालेलं नाही, ते मनातून काढून टाका.

प्रश्न : बाळाने 3 वर्षांपर्यंत 3 कोटी शब्द ऐकले पाहिजेत असं कुठेतरी वाचलं. आम्ही रोज किती पुस्तकं वाचायची म्हणजे ते होईल? वाचल्याने मूल हुशार होतं ना?

तो आकडा विसरा. त्याचं मूळ असं आहे, बेटी हार्ट आणि टॉड रिझली यांनी अमेरिकेत 42 कुटुंबांचा अभ्यास करून 1995 मध्ये पुस्तक लिहिलं, त्यात काही घरांतली मुलं दुसऱ्या घरांतल्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त शब्द ऐकतात असं मांडलं आणि हिशोब करून तो फरक 3 कोटींचा आहे असं सांगितलं. म्हणजे तो फरकाचा अंदाज होता, कुणी गाठायचं टार्गेट नव्हतंच. शिवाय पुढे इतर संशोधकांनी त्या मोजणीवर बरेच आक्षेप घेतले. आत्ता ज्यावर भर आहे ते म्हणजे देवाणघेवाण, बाळाने काहीतरी करावं, तुम्ही उत्तर द्यावं, परत त्याने करावं.

पुस्तकाचा एक खास फायदा मात्र आहे, त्यात आपण रोज बोलत नाही असे शब्द येतात. रोजच्या बोलण्यात चल, खा, नको, ये इकडे एवढंच चालतं, पुस्तकात मात्र जिराफ येतो, बोगदा येतो, कुणीतरी गुपचूप दबकत जातं.

हुशार होतं का याचं मी वचन देणार नाही, कुणी देत असेल तर त्यापासून लांब राहा. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स या तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 मध्ये तान्हेपणापासून आणि मग 2024 मध्ये जन्मापासूनच वाचून दाखवा असं सांगितलं, तेही भाषा आणि आईबाप-मुलांचं नातं या दोन्हींसाठी. अक्षरओळखीचे कार्ड घेऊन वर्षाच्या बाळाला घोकायला लावणं हे यात कुठेही नाही, ते कृपा करून करू नका.

प्रश्न : दीड वर्षाचा मुलगा रोज तेच एक पुस्तक आणतो. मला वेड लागायची पाळी आलीये. लपवून ठेवू का?

नका लपवू. त्याला पुढे काय येणार ते माहितीये आणि ते बरोबर येतं याचा आनंद तो घेतोय. जेसिका हॉर्स्ट यांच्या 2011 मधल्या अभ्यासात 3 वर्षांच्या मुलांना तीच गोष्ट परत परत वाचून दाखवली तेव्हा त्यातले नवे शब्द जास्त पक्के झाले, वेगवेगळ्या गोष्टींमधून तेच शब्द ऐकलेल्या मुलांपेक्षा. तुमचा कंटाळा घालवायचा असेल तर ओळीचा शेवटचा शब्द सोडून द्या आणि त्याच्याकडे बघा. तो म्हणेल, अर्धामुर्धा का होईना.

प्रश्न : मोठी मुलगी 6 वर्षांची आहे, नुकतीच वाचायला लागलीये. तिला बाळाला वाचून दाखवायचं असतं, पण खूप अडखळते, चुकीचं वाचते. बाळ चुकीचं शिकेल का? मी मधे दुरुस्त करू का?

मधे बोलू नका. 5 महिन्यांचं बाळ ताईच्या चुका शिकत नाही, आणि ताईला चुका न काढणारा, टक लावून ऐकणारा श्रोता मिळालाय, जो आपण मोठे फार क्वचित असतो. चूक फारच वाटली तर दुसऱ्या दिवशी तेच पुस्तक तुम्ही वाचा, ती ऐकेल आणि स्वतःच दुरुस्त करेल. पुस्तक तिला निवडू दे. दोघांना जमिनीवर सतरंजीवर बसवा, बाळाला उशीचा किंवा तुमच्या मांडीचा आधार द्या, तिला एकटीला उचलायला देऊ नका, आणि तिला आधीच सांगून ठेवा की बाळाने तोंड फिरवलं तर ते कंटाळलंय असं नाही, त्याला जरा विश्रांती हवीये, तेव्हा थांबायचं आणि हवं तर पुढचं मनातल्या मनात वाचायचं. तिची पातळ कागदाची पुस्तकं वाचून झाली की तिच्याच हातून वर ठेवायला लावा, बाळ रांगायला लागायच्या आधी ही सवय लागलेली बरी.